बंद केलेला खडा

सौरभ मगदूमचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला, आणि तो माझ्यामुळे गेला. हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले तेव्हा त्या गोष्टीला दहा दिवस होऊन गेले होते. दहा दिवस मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, कोल्हापुरात कुणालाही विचारा, पण तेव्हा मात्र बरोब्बर जमलं.

मी नूतन खराडे. सव्वीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. टेस्टर न लावता वायरीला हात लावणाऱ्या पोराला मी दिवसभर वर्गाबाहेर उभं करायची, मग तो आमदाराचा भाचा का असेना. पोरं मागे काय काय नावं ठेवायची ते मला ठाऊक होतं, आणि त्याचं मला बरंच वाटायचं. निवृत्तीच्या समारंभात माईक हातात घेऊन मी सांगितलं होतं, की माझ्या हाताखालून नऊशे पोरं गेली, त्यातल्या एकालाही कामावर इजा झाली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आमचे हे, मुरलीधर, तीस वर्षं फाउंड्रीत होते. ओतकामाची वाळू छातीत बसली ती बसलीच. शहरातल्या फ्लॅटवर दिवसाचे सोळा तास नाकात नळी आणि शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टरांनी हवा बदला म्हणून सांगितलं. दोन हजार बेचाळीस साल, एव्हाना निवृत्त माणसांनी मोटारघर घेणं ही काही नवलाई राहिली नव्हती. पूर्वी लोक गावाकडे घर बांधायचे, आता चाकांवरचं घेतात. आम्हीही घेतलं, पिवळ्या रंगाचं, आणि आजऱ्याच्या पुढे मोरमाळ नावाचं पठार आहे, तिथल्या गाडीतळावर जाऊन उभे राहिलो. तिसऱ्या आठवड्यात हे नळी काढून तळाला एक फेरी मारून आले. परत येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, बटाटेवडे कर. मी उभ्या उभ्या रडले.

आता थोडं शिकवते, सवय जात नाही.

बॅटरीतली वीज एकाच दिशेनं वाहते. मिक्सरला, पंख्याला लागते ती खांबावरची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे झुलते. बॅटरीच्या सरळ विजेला तसं झुलायला लावणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. मोटारघर रानात उभं असलं की इन्व्हर्टर चालवायचा. तळावर आलं की ओळीनं खांब असतात, प्रत्येकाला एक सॉकेट, त्यात गाडीची केबल लावायची आणि बाहेरची वीज घ्यायची. दोन्ही विजा एकाच वायरीवर एकदम सोडायच्या नाहीत, हा पहिला धडा. दोघींचं झुलणं जुळलं नाही तर एका जुवाचे दोन बैल दोन दिशांना ओढतात तशी गत होते आणि पेटी जळते. पण पेटी जळली तर दुसरी आणता येते. खरी भीती वेगळीच. इन्व्हर्टरची वीज उलटी खांबाकडे गेली, तर जिथे वीज नाही असं समजून माणूस काम करत असतो तिथे ती जाऊन पोचते. म्हणून जुन्या गाड्यांत एक साधा खटका असायचा. वर केला की खांब, खाली केला की इन्व्हर्टर, मध्ये ठेवला की काहीच नाही. गाढवालाही चुकता येऊ नये असा.

मग जुळते इन्व्हर्टर आले आणि खटका गेला. हा इन्व्हर्टर खांबावरच्या विजेचं झुलणं ऐकतो आणि आपलं झुलणं तंतोतंत त्याच्या पावलात पाऊल टाकून ठेवतो. मग दोन्ही विजा एका वायरीवर सुखानं नांदतात. छतावरच्या सोलर पत्र्यांची उरलेली वीज गाडी खांबाला परत देते. मोरमाळवरच्या चाळीस गाड्यांच्या जिवावर खालच्या तीन वाड्यांचे पंप दिवसा चालायचे, आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान.

पण प्रश्न उरतोच. लाइनमननं वरून लाइन तोडली, तर गाडीला ते कळणार कसं? तिला तर देण्याची सवय लागलेली. त्यावर इंजिनिअरांनी काढलेला उपाय मला फार आवडायचा. आपण एखाद्याच्या मनातलं काढायला खडा टाकून बघतो ना, अगदी तसंच. दर आठ सेकंदांनी इन्व्हर्टर आपलं झुलणं केसभर बदलून बघतो. पलीकडे खरी लाइन असेल, तर देशभरातली वीजघरं एका तालात फिरत असतात, त्यांना ह्या केसाचा पत्ताही लागत नाही. पलीकडे कुणी नसेल, तर झुलणं सरकतं, आणि इन्व्हर्टर ओळखतो की आपण एकटेच उरलो. पाव सेकंदाच्या आत तो स्वतःला खांबापासून तोडून घेतो. कागदोपत्री ह्या चाचणीला लांबलचक नाव आहे. आम्ही कामातली माणसं तिला खडाच म्हणतो. खटका गेल्यापासून लाइनमनचा जीव ह्या खड्यावर आहे.

आणि आमच्या गाडीत खडा पडला की छताच्या पंख्यातून 'टुक्' असा आवाज यायचा.

एवढंच. दुसरं काही कारण नाही. पुढे लोकांनी माझ्यासाठी फार चांगली चांगली कारणं शोधली, म्हणून हे आधीच सांगून टाकते. पंखा हलका होता, मीच हट्टानं घेतलेला, त्याच्या वेटोळ्याला तेवढा फरकही जाणवायचा. ह्यांना तो आवाज ऐकूच यायचा नाही. मला मात्र दुपारी पुस्तक घेऊन आडवं झालं की टुक्, आठ मोजायचे, टुक्. पंखा बदलायला आजऱ्याला जावं लागलं असतं. मी म्हटलं, पंखा कशाला बदला, खडाच बंद करते. तो बंद करायला प्रशिक्षकाचा कोड लागतो, आणि तो माझ्याकडे होता. आयटीआयनं दिलेला, कुणी परत मागितला नव्हता.

मी काही आंधळेपणानं केलं नाही. नीट विचार केला. तळावर चाळीस गाड्या, एकोणचाळीस जणींचा खडा चालू. लाइन तुटली की त्या एकोणचाळीस बाजूला होतील, सगळा भार एकट्या माझ्या पेटीवर येईल आणि ती बंद पडेल. धोका शून्य. हा विचार बरोबर होता, आजही बरोबर आहे. तो एका गाडीपुरता बरोबर होता.

पंखा गप्प झाला. मी खूश. आणि खुशीत असले की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेजारच्या खांबाला वालावलकरकाका होते, बँकेतून निवृत्त झालेले, तळाच्या सगळ्या उठाठेवी त्यांच्याकडे. त्यांच्या गाडीत दिवे मिणमिणायचे. ते खड्यामुळेच होतं असंही नाही, पण मी करून दिलं आणि योगायोगानं मिणमिणणं थांबलं. झालं. त्यांनी चौघांना सांगितलं. कुणाच्या शिलाईमशीनचा सूर चुकायचा, कुणाच्या रेडिओत खरखर यायची, एका आजीबाईंना तर नुसतंच वाटायचं की आपल्याकडेही काहीतरी बंद करायला हवं. महिनाभरात मी चौदा गाड्यांचे खडे बंद केले. माझी धरून पंधरा. तिळाच्या वड्या आल्या, काजूगर आले. तळाच्या वर्धापनदिनाला मला शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला, 'आपल्या खराडे मॅडम' म्हणून. फोटोत मी अशी काही हसतेय की बघवत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की पंधरा पेट्या मिळून भार पेलू शकतात. उन्हाच्या वेळी तर सहज. आणि पंधरा जणी एकमेकींना धरून स्थिर उभ्या राहिल्या, की ज्यांचा खडा चालू आहे त्यांनाही वाटतं पलीकडे खरी लाइन आहे. त्या खडा टाकतात आणि हलत काहीच नाही. अख्खा तळच एक बेट होतो, आणि बेटावर सगळे एकमेकांनाच समुद्र समजतात. हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

सौरभ माझा विद्यार्थी. दोन हजार बावीसच्या बॅचचा. आता वीज कंपनीत लाइनमन, मोरमाळचा भाग त्याच्याकडे. महिन्यातून एकदा यायचा, आमच्याकडे चहा घ्यायचा, ह्यांच्याशी फुटबॉलवर भांडायचा. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याची जीप आली. तळाच्या फाटकाशी ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या वरच्या बाजूची, अकरा हजार व्होल्टची एक जोडणी सैल झालेली. ट्रान्सफॉर्मरच्या वरती तीन फ्यूज असतात, त्यांना डीओ म्हणतात. लांब काठीनं ते खाली पाडले की लाइन तुटली. त्यानं आमच्या खिडकीशी थांबून सांगितलं, की डीओ पाडतोय, पंधरा मिनिटांचं काम आहे, मग चहाला येतो. मी म्हटलं, चहा काय, पोहेच टाकते.

पूर्वी लाइनमन आला की तळावरचे सगळे आपापली केबल खांबातून उपसून ठेवायचे. जुळते इन्व्हर्टर आल्यापासून ती पद्धत मोडली होती. खडा आहे ना, तो बघून घेईल. मीही केबल उपसली नाही. कांदा चिरायला घेतला. ओट्यावरच्या पाटीत 'बाहेरची वीज' असा हिरवा दिवा असतो, तो पेटलेलाच होता. मी मनात म्हटलं, पोरगं अजून काठीच जोडत असेल. शेगडी लावली. फोडणी टाकली. त्याच क्षणी बाहेर मोठा आवाज झाला आणि शेगडी बंद पडली.

शेगडीवर वीज कुणाची होती हे मला त्या क्षणी कळलं. सांगायला लागलं नाही कुणी.

डीओ पडलेले होते, वरची लाइन मेलेली होती, सगळं त्यानं नियमानं केलेलं. पण ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. वरून अकरा हजार आले तर खाली घरची वीज होते, आणि खालून घरची वीज चढवली तर वर अकरा हजार होतात. आम्ही पंधरा जणींनी मिळून खालून चढवली होती.

मी बाहेर धावले. तो खाली पडला होता, कंबरेच्या पट्ट्यामुळे अर्धा लोंबकळून मग सुटलेला. शुद्धीवर होता. वास येत होता, त्याबद्दल मी लिहिणार नाही. हे नळीशिवाय धावत आले आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या तासात ॲम्ब्युलन्स आली आणि त्याला घेऊन गेली.

त्यानंतरच्या वीस मिनिटांत मी काय केलं ते आता सांगते. लाइन तुटलेली होती, लोक फाटकाशी गोळा झालेले, बायका तोंडाला पदर लावून उभ्या. मी एकेका गाडीत शिरले, कोड टाकला आणि खडा परत चालू केला. पंधराही गाड्यांचा. एका गाडीत ती आजीबाई होती, तिनं विचारलं, काय करतेस गं? मी म्हटलं, तपासतेय. शेवटी माझ्या गाडीत आले. कढईतली फोडणी गार होऊन काळी पडली होती, ती आधी फेकली, मग खडा चालू केला.

तिसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून पाटणकर नावाचे साहेब आले. प्रत्येक गाडीची सेटिंग बघितली. सगळे खडे चालू. वहीत तसं लिहून घेतलं. मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, इन्व्हर्टरांनी एकमेकांना कसं धरलं असेल ते कोडंच आहे, पण लाइनमननं टेस्टर लावला नव्हता, साखळीनं तार जमिनीला जोडली नव्हती, तेव्हा मुख्य चूक त्याचीच दिसते. तसं ठरलं तर नोकरी जाईल बिचाऱ्याची. मी म्हटलं, बिचारा. हा शब्द माझ्या तोंडून निघाला.

इन्व्हर्टरच्या पोटात तीस दिवसांची नोंद राहते. कधी काय चालू केलं, कधी बंद केलं, मिनिटासकट. ती वाचायला कोड लागतो आणि तीस दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. हे मला माहीत होतं आणि वालावलकरकाकांना मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण एकटीला पेलवेना. ते संध्याकाळी सगळ्यांकडे जाऊन आले. येऊन म्हणाले, सगळ्यांचं ठरलंय मॅडम, कुणी बोलायचं नाही. मुद्दाम कुणी केलं का? आणि बोललो तर पंधराही गाड्यांचा खांबाचा परवाना जाणार. खराडेसाहेबांच्या हवेचं काय मग?

हेच तर मी स्वतःला सांगत होते. खांब नाही तर मोरमाळ नाही. मोरमाळ नाही तर फ्लॅट, नळी, मशीन, सोळा तास. मी ह्यांच्याकडे बघायची आणि मला धीर यायचा, की बघ, तू गप्प बसतेस ती ह्यांच्यासाठी. किती सोयीचं होतं. जेवताना हे नीट जेवायचे नाहीत, मी म्हणायची औषधानं तोंड आलं असेल. ह्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण पंखा चार महिने गप्प होता आणि त्या दिवसापासून पुन्हा टुक् टुक् करतोय, हे कुणालाही कळलं असतं. आवाज ऐकू येत नाही म्हणणाऱ्या माणसालाही कळलं.

नवव्या दिवशी हे पायरीवर बसले होते. मी कपडे वाळत घालत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नूतन, सौरभच्या घरी नऊ वर्षांची पोरगी आहे."

मी म्हटलं, मला माहीत आहे, आणि काय करणार, तुमची छाती...

"माझ्या श्वासाच्या आड लपू नकोस," ते म्हणाले. "मी तीस वर्षं फाउंड्रीत काढलीत. मला कुणी विचारून वाळू दिली नव्हती. त्यालाही कुणी विचारलं नाही."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी नळी आणायला उठले तर हातानं नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कोल्हापूरला गेले. सौरभला तिथल्याच दवाखान्यात ठेवलं होतं, त्याची बायको अश्विनी वॉर्डाच्या दारात भेटली. मला बघून तिला भरून आलं. म्हणाली, मॅडम, तुमचं नाव रोज निघतं, पोरीला सुद्धा सांगतात की माझ्या मॅडम अशा होत्या, तशा होत्या. तिनं मला खुर्ची पुसून दिली. खाली जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन येते म्हणाली, मी नको म्हणायच्या आत गेली. मेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. हे म्हणायची पद्धत म्हणून म्हणत नाही.

सौरभ उशीला टेकून बसला होता. चादर उजव्या बाजूनं सपाट होती. तो स्वतःच बोलायला लागला. आदल्या आठवड्यात जबाब दिला म्हणाला, सगळी चूक माझीच आहे असं सांगितलं. टेस्टर लावला नाही, साखळी लावली नाही, तुम्ही एवढं शिकवून मी माती खाल्ली. मग हसायला लागला. म्हणाला, तुम्ही असता तर वर्गाबाहेर काढलं असतं.

मला तिथेच तोंड उघडायला हवं होतं. पण माझ्यातली ती मेली मास्तरीण, तिला अजून आशा होती. मी विचारलं, "टेस्टर होता कुठे तुझा?"

"जीपमध्येच."

"मग लावला का नाहीस?"

त्यानं छताकडे बघितलं. मला वाटलं आता काहीतरी घाईचं कारण सांगेल, ऊन होतं, उशीर झाला होता, आणि माझा जीव थोडा हलका होईल.

"मॅडम, दुसरीकडे कुठे असतो तर लावलाच असता," तो म्हणाला. "काढायला वळलो पण होतो. तर तुमची गाडी दिसली, पहिल्याच खांबाला. म्हटलं, ह्या लाइनला खराडे मॅडम आहेत. इथे काय चुकणार?"

मी त्याला सांगितलं. पंख्यापासून सगळं सांगितलं. शाल-श्रीफळ सुद्धा. बोलताना त्याच्याकडे बघायचं असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही, मी सलाइनच्या स्टँडकडे बघून बोलले.

मग त्यानं विचारलं, "किती गाड्या?"

"पंधरा."

"अकरा वाजताचं ऊन. पंधरा गाड्या धरणारच," तो म्हणाला. वर्गात उत्तर काढताना बोलायचा तसंच. आणि मग, "पाटणकर साहेबांना सगळे खडे चालू सापडले."

"मी चालू केले. तुला नेल्यावर लगेच."

"मी ॲम्ब्युलन्समध्ये असताना."

मी हो म्हटलं. त्याचा चेहरा मिटत गेला. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी त्या घेतल्या असत्या, घ्यायलाच आले होते. त्यानं फक्त डावा हात चादरीच्या सपाट भागावर ठेवला.

"माझा जबाब मी बदलणार नाही," तो म्हणाला. "टेस्टर लावला नाही ही माझी चूक आहे. ती मी तुम्हाला देणार नाही. तुमची तुम्ही जाऊन लिहा. आणि मॅडम, इतक्यात परत येऊ नका."

जिन्यात अश्विनी भेटली, हातात दोन पेपरकप. मी एक घेतला आणि तिथेच उभ्यानं प्याले. घेतला नसता तर तिनं कारण विचारलं असतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारघर घेऊन कोल्हापूरला उतरलो, खांबाची केबल उपसून, गुंडाळून. वालावलकरकाका गाडीच्या पुढे येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले, मग चिडले, मग म्हणाले की तुम्ही सगळ्यांना बुडवताय. मी म्हटलं, काका, बाजूला व्हा. निरीक्षकांच्या कार्यालयाच्या आवारात गाडी लावली. शहरात शिरताच ह्यांना नळी लावावी लागली होती. मी त्यांना गाडीतच बसवून वर गेले.

पाटणकर साहेबांनी मला ओळखलं, चहाचं विचारलं. मी नको म्हटलं आणि उभ्या उभ्या बोलायला लागले. ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. मग स्वतः उठून गाडीत आले, मी कोड टाकला, त्यांनी नोंद वाचली. चार महिन्यांपूर्वी बंद केल्याची नोंद पुसली गेली होती, पण अपघातानंतर सत्तेचाळीस मिनिटांनी चालू केल्याची तिथे होती. परत वर आल्यावर त्यांनी विचारलं, की साहेबांना ऑक्सिजनचं मशीन आहे, ते खड्यामुळे बिघडत होतं म्हणून तुम्ही बंद केलं असणार, तसं लिहू का? भला माणूस. दार उघडून धरलं होतं त्यानं माझ्यासाठी.

मी म्हटलं, "नाही. मशीनला स्वतःची बॅटरी आहे. मला पंख्याचा आवाज सहन होत नव्हता म्हणून बंद केलं. तसंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. बाकी चौदा जणांची नावं विचारली. मी म्हटलं, नावं देते, पण कोड माझा होता आणि बोट माझं होतं, ते त्यांच्या नावांच्या वर लिहा. परवान्याचं काय होणार ते त्यांनी सांगितलं, कोर्टाचंही सांगितलं. सौरभच्या नोकरीचं विचारलं तर म्हणाले, आता प्रकरण वेगळं झालं, त्याची चूक उरतेच, पण मुख्य नाही. खिडकीतून खाली आमची गाडी दिसत होती. हे नळी लावून पुढच्या सीटवर ताठ बसले होते.

सही करण्याआधी मी विचारलं, सौरभनं नेमकं काय सांगितलंय ते बघू शकते का. साहेबांनी जरा विचार केला आणि फाइल माझ्याकडे वळवली. दीड पान होतं, दुसऱ्या कुणीतरी लिहून घेतलेलं. माझं नाव त्यात एकदाच होतं. 'टेस्टर न लावण्याचे कारण' ह्यापुढे लिहिलं होतं, की आम्हाला आयटीआयला खराडे मॅडमनी टेस्टर लावायला शिकवलं होतं, तो न लावणं हा पूर्णपणे माझा हलगर्जीपणा आहे. माझ्या गाडीचा उल्लेख कुठेच नव्हता. खाली सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा उठवलेला होता, निळ्या शाईत, थोडा फिसकटलेला.

साहेबांनी माझा कागद पुढे सरकवला आणि पेन दिलं. मी उजव्या हातानं सही केली.